पाण्याचा जागल्या

खान्देशातील पाण्याचा इतिहास सांगताना लेखक बहुधा धरणांची, तलावांची आणि ती बांधणाऱ्यांची नावे सांगतात. ते योग्यच आहे. परंतु आणलेले पाणी वाटेत सांडू नये म्हणून ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्यांची दखल इतिहासात क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात आम्ही प्रामुख्याने त्यांच्याविषयी लिहिणार आहोत. धुळे आणि जळगाव या शहरांत नळाचे पाणी कसे आले, हा या हकीकतीचा एक भाग. नळ आल्यावर पाण्याची राखण आपल्या हातून कशी सुटत गेली, हा दुसरा. या दुसऱ्या भागाशी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाचा संबंध आहे, असे आम्हाला वाटते.

फडाची शिस्त

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असे खान्देशाचे रूप आहे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीला मिळतात. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. अशा प्रदेशात पाण्याची उधळपट्टी कोणालाच परवडणारी नव्हती. त्यामुळे येथील शेतकऱ्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीच एक व्यवस्था उभी केली. तिला फड पद्धत म्हणतात. पांझरा, मोसम आणि आराम या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, तिचे अवशेष आणि काही ठिकाणी तिचा प्रत्यक्ष वापरही अभ्यासकांनी नोंदविला आहे.

नदीवर एकाखाली एक असे बंधारे घालायचे, प्रत्येक बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड पाडायचे. एका फडात त्या वर्षी एकच पीक असे. एकात ऊस असला तर दुसऱ्यात हंगामी धान्य, आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. गावातील बहुतेक शेतकऱ्यांची थोडथोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे पाणी कमी पडले तर ते सगळ्यांनाच कमी पडे. कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, हे बंधाऱ्यातील पाणी पाहून पंच ठरवीत. टंचाईची झळ एकट्या गरिबाच्या वाट्याला येऊ नये, हा या मांडणीतला न्याय होता.

मात्र हा न्याय केवळ नियम करून टिकला नसता. त्यासाठी माणसे नेमलेली असत. पाटकरी शेताला पाणी देई. शेताच्या मालकाने स्वतः पाटाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. जागल्या पाटाची व पिकांची राखण करी आणि या दोघांच्या कामावर हवालदार देखरेख ठेवी. त्यांची मजुरी शेतकरी धान्याच्या रूपाने देत. दरवर्षी सर्वांनी मिळून पाटातील गाळ काढायचा, ही रीत होती. पाटाच्या काठाला खेकड्याने किंवा उंदराने भोक पाडले, तर ते पहिल्याच रात्री कोणाच्या तरी नजरेस पडणे आवश्यक असे. चार दिवस ते तसेच राहिले, तर काठ खचे आणि पाटाच्या शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्याचे पीक वाळे. जागल्याला मिळणारे धान्य हे त्या शेवटच्या शेतकऱ्याचे विमाशुल्क होते, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

जुन्या खान्देशाची राजधानी असलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. तेथील पाणीपुरवठाही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमदानीत, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत बोगद्यांतून उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले. कुंडी भंडारा या नावाने ही रचना प्रसिद्ध आहे. या बोगद्यांवर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या बांधलेल्या आहेत. त्यांतून उजेड आणि हवा आत जाते, पाणी शेंदता येते आणि माणूस उतरून बोगदा तपासू शकतो. पाणी जमिनीखालून नेतानाही त्यावरची नजर हटू द्यायची नाही, हे भान त्या बांधणाऱ्यांना होते. पाट असो की बोगदा, राखणीची सोय व्यवस्थेतच केलेली होती. नळाच्या बाबतीत काय झाले ते आता पाहू.

नळ आला

१८१८ साली पेशवाई संपली आणि खान्देशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे आला. त्यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. पांझरेच्या काठी सरळ रस्त्यांच्या पेठा आखल्या गेल्या आणि एका लहान गावाचे शहर होऊ लागले. १८७२ साली याच पांझरेला महापूर आला आणि शहरातील शेकडो घरे वाहून गेली. एकाच नदीकडून तहान आणि नाश असे दोन्ही पाहिलेले हे शहर आहे.

दरम्यान १८६० च्या दशकाच्या आरंभी आगगाडी खान्देशात पोहोचली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. खान्देशच्या कापसाला एकाएकी मोल आले आणि जळगावची बाजारपेठ फुगली. भुसावळला रेल्वेचे मोठे ठाणे झाले. रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे तेथे स्थायिक झाली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, त्याच्या चालकाच्या घरालाही लागे. जेथे आड, विहिरी आणि नदीचे घाट पुरत होते, तेथे ते अपुरे पडू लागले.

धुळ्याची नगरपालिका १८६२ साली आणि जळगावची १८६४ साली स्थापन झाली. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने आले ते १८६० साली. त्या नव्या युगाचा वारा थोड्याच वर्षांत खान्देशातही पोहोचला. एकोणिसाव्या शतकातच जळगावला मेहरूण तलावाचे पाणी नळाने येऊ लागले. धुळ्याच्या बाबतीत डेडरगाव आणि नकाणे या तलावांची नावे जुन्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. डोक्यावरचा हंडा उतरला, बायकामुलींच्या कष्टाचे तास वाचले, विहिरीवरच्या जातीपातीच्या भांडणांना थोडा तरी उतार पडला. नळाचे हे उपकार कोणीही नाकारू नयेत, आम्हीही नाकारत नाही.

याच काळातील एक प्रसंग खान्देशाने जपून ठेवण्यासारखा आहे. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण अभियंता मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाला. आरंभीच्या महिन्यांतच त्यांच्याकडे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळांचा सायफन नेण्याचे काम आले. पावसाळा असल्यामुळे काम पुढे ढकलावे, असे त्यांना वाटले. वरिष्ठांनी नापसंती दर्शविली, तेव्हा त्यांनी पुराच्या अडचणी सोसून ते पूर्ण केले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत नमूद केली आहे. पुढे कालव्यांसाठी त्यांनी जी गट पद्धत आखली, तिचे फडाच्या शिस्तीशी साम्य असल्याचे अभ्यासक दाखवितात.

सायफन म्हणजे नदीच्या तळाखालून दाबाने पाणी पलीकडे नेणारा बंद नळ. त्याचा एखादा सांधा निसटला, तर वरून वाहणाऱ्या नदीत ते पाणी मिसळून जाते आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. पाट फुटला की शेतात चिखल दिसे. नळ फुटला तर तो जमिनीत फुटतो आणि दिसतो बऱ्याच उशिरा. ही नळाची अंगभूत उणीव आहे. पाटावर चालणाऱ्या जागल्याला नळावरून चालता येईना, म्हणून त्याचे काम संपले असे लोकांनी मानले. वस्तुतः त्याचे काम आता अधिक अवघड झाले होते.

रोमचा धडा

पाणी नजरेआड झाले की ते मोजावे लागते. हा धडा जगाला फार पूर्वी रोम नगरीत मिळाला. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नेर्व्हा यांनी फ्रॉन्टिनस या ज्येष्ठ राजपुरुषाला शहराच्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख नेमले. त्याच सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेची धुरा संत क्लेमेंट यांच्याकडे होती, म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी प्यालेले पाणी हेच. त्या वेळी रोमला नऊ कालव्यांतून पाणी येत असे.

फ्रॉन्टिनस यांनी प्रथम सरकारी दप्तर पाहिले. कालव्यांतून जितके पाणी आल्याची नोंद होती, त्याहून जास्त पाणी शहरात वाटल्याची नोंद होती. कमी आणून जास्त वाटले गेले, हे कसे शक्य आहे? ते स्वतः उगमापाशी गेले आणि त्यांनी प्रवाह मोजला. तेव्हा दप्तरात दाखविल्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी कालव्यात शिरत असल्याचे उघड झाले. हे अधिकचे पाणी कोठे जात होते? काही पाणी फुटक्या बांधकामातून झिरपत होते. बरेचसे मधल्या लोकांनी फोडून नेले होते. रस्त्यांच्या फरसबंदीखालून चोरनळ टाकलेले होते, ठिकठिकाणी नळांना भोके पाडून पाणी विकले जात होते, आणि त्या भोकांवरून पडलेले एक खास नावही त्या धंद्यातल्या माणसाला होते. फ्रॉन्टिनस यांनी चोरनळ उपटून काढले, दुरुस्तीच्या टोळ्यांना शिस्त लावली आणि हे सर्व लिहून ठेवले. नवा कालवा न बांधता त्यांनी रोमला पाणी मिळवून दिले.

पुढे ५३७ साली गॉथ लोकांनी वेढा घालून हे कालवे तोडले आणि ते महानगर टायबर नदीच्या काठाशी गोळा झाले. त्यानंतरच्या शतकांत कालव्यांची दुरुस्ती करण्याची जबाबदारी वेळोवेळी पोपमहोदयांनी उचलली. १४५३ साली पाचवे निकोलस यांनी प्राचीन व्हर्गो कालवा पुन्हा वाहता केला. पाचवे सिक्स्टस यांनी सोळाव्या शतकात आणि पाचवे पॉल यांनी १६१२ साली आणखी कालवे शहरात आणले. पाण्याची व्यवस्था ही ऐहिक बाब असून तिच्याशी धर्माचा संबंध नाही, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

हिशेबाबाहेरचे पाणी

आता खान्देशाकडे परत येऊ. विसाव्या शतकात शहरे वाढली आणि जवळचे तलाव पुरेनासे झाले. जळगावला गिरणेचे आणि नंतर वाघूर धरणाचे पाणी आले. धुळ्याने तापीचे पाणी आणले. पुढे पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणाचा आधार घेतला. तापी सखल भागात आणि धुळे उंचावर असल्यामुळे ते पाणी उपसून, मैलोगणती चढवत आणावे लागते. २००३ साली दोन्ही शहरांत महानगरपालिका आल्या. पाणी लांबून येऊ लागले, आणि जितके लांबून आले तितके ते महाग झाले. उपसण्याची वीज, शुद्धीकरणाची तुरटी आणि क्लोरीन, नळांची देखभाल हे सारे त्या पाण्यात मिसळलेले असते. घरात सांडलेल्या प्रत्येक बादलीबरोबर हेही सांडते.

जे पाणी शुद्ध होऊन शहरात सोडले जाते, पण ज्याचा हिशेब लागत नाही, त्याला पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात हिशेबाबाहेरचे पाणी म्हणतात. फुटके नळ, बेकायदा जोडण्या, बंद पडलेले किंवा मुळातच नसलेले मीटर हे त्याचे घटक होत. केंद्र शासनाने २००८ साली शहरांसाठी जे निकष ठरविले, त्यांत हे प्रमाण शेकडा २० पर्यंत आणावे असे म्हटले आहे. देशातील बहुतेक शहरे त्यापासून दूर आहेत. फ्रॉन्टिनस यांनी केलेली पहिली गोष्ट, म्हणजे शिरणारे पाणी व पोहोचणारे पाणी दोन्ही मोजणे, तीच आपल्याकडे सर्वत्र झालेली नाही.

गळतीमुळे केवळ पाणी वाया जाते असे नाही. ही बाब आम्ही वाचकांना विशेष आग्रहाने सांगू इच्छितो. आपल्या शहरांतील नळांना चोवीस तास पाणी नसते. काही तास नळ येतो आणि मग एक-दोन दिवस, उन्हाळ्यात तर काही भागांत आठवडाभरही, तो कोरडा राहतो. नळात दाब असेपर्यंत भोकातून पाणी बाहेर पडते. नळ जाताना दाब उतरला की तेच भोक उलट काम करते. आजूबाजूच्या चिखलातले, शेजारच्या गटारातले पाणी नळात शिरते. दुसऱ्या वेळी नळ सुटला की पहिल्या काही बादल्यांबरोबर ते घरोघरी पोहोचते. थेट नळाला टिल्लू पंप लावून पाणी ओढणारे कुटुंब हा दाब आणखी खाली आणते. स्वतःची टाकी भरताना ते आळीतल्या सर्वांच्या नळात घाण ओढून घेत असते.

याचे फळ काय होते, हे इचलकरंजीने २०१२ साली पाहिले. त्या उन्हाळ्यात तेथे दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. ही कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष घातक असते. एका भोकातून एका घरातले दोन जीव जाऊ शकतात. आपल्या उंबऱ्याबाहेरच्या नळजोडणीतील गळती ही म्हणूनच आपली खासगी बाब राहत नाही.

गळतीचे दुसरे बळी दिसत नाहीत. वाटेत जागोजागी पाणी गळाले की नळाच्या शेवटच्या टोकाला दाब उरत नाही. शहराच्या कडेला, उंचवट्यावर, नव्या वस्तीत राहणारी माणसे हीच बहुधा ती शेवटची टोके असतात. त्यांच्या तोटीतून हवा येते. ती माणसे मग टँकरची वाट पाहतात किंवा मुलीला शाळेतून घरी ठेवून पाण्याला पाठवितात. फडाच्या पद्धतीत पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यासाठी जागल्या होता. नळाच्या शेवटच्या टोकावरच्या या कुटुंबासाठी कोण जागते?

थेंबाचे मोल

हे घडते त्या जळगाव जिल्ह्यातच थेंबाचे मोल जगाला शिकविले जाते. यावल-रावेरच्या केळीच्या बागांपासून ठिबक सिंचन घरोघरच्या शेतकऱ्याला परिचित झाले. भवरलाल जैन यांच्या जळगावच्या उद्योगाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या तंत्राचा भारतभर प्रसार केला. या तंत्राचे आधुनिक रूप इस्रायलमध्ये सिमखा ब्लास या अभियंत्याने सिद्ध केले. त्याविषयी असे सांगितले जाते, की एका ओसाड जागी एकच झाड इतरांहून जोमाने वाढलेले त्यांना दिसले. खणून पाहिले तेव्हा जमिनीखालच्या नळाचा सांधा ठिबकत असल्याचे आढळले. त्या गळतीतूनच त्यांना पिकाला थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना सुचली. अशा रीतीने एका जागरूक माणसाच्या नजरेस पडलेली गळती पुढे कोरड्या देशांच्या शेतीला वरदान ठरली. आपल्याकडे शेतातील थेंबाचा हिशेब ठेवणारा शेतकरी शहरात राहायला आला, की मोरीतल्या तोटीचा थेंब मात्र ऐकू येऊनही दुर्लक्षितो.

हे बदलता येते. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडशेजारी मलकापूर या लहान नगराने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू केली. प्रत्येक जोडणीला मीटर बसविला आणि वापर वाढेल तसा दर वाढता ठेवला. पाणी सतत येते म्हटल्यावर लोकांनी साठे करणे आणि उरलेले ओतून देणे थांबविले. मीटर फिरताना दिसू लागला, तसा घरातला ठिबकणारा नळही दिसू लागला. जागल्याची नजर तेथे मीटरच्या रूपाने परत आली, असे म्हणता येईल.

घरातील राखण

नगरपालिका आपले काम कधी करील, याची वाट न पाहता प्रत्येक कुटुंबाने आपल्या उंबऱ्याच्या आतली राखण हाती घ्यावी, असे आम्हाला वाटते. त्यास फारसा खर्च येत नाही.

रात्री निजण्यापूर्वी सर्व तोट्या बंद कराव्यात. गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी आणि पहाटे कोणी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावे. टाकी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे दहा लिटर पाणी गेले. मीटर असेल तर रात्रीचा आणि पहाटेचा आकडा ताडून पाहावा. पातळी उतरली असेल तर चोर घरातच आहे.

मग त्याचा शोध घ्यावा. संडासाच्या फ्लशच्या टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यात निळे पाणी उतरले, तर आतली झडप गळते आहे. ही गळती आवाज करीत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने चालते. ठिबकणाऱ्या तोटीखाली तासभर भांडे ठेवून मोजावे. तासाला एक लिटर जमले, तर दिवसाचे २४ आणि महिन्याचे ७२० लिटर होतात. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, हा शासनाचा निकष आहे. पाच माणसांच्या कुटुंबाचे हे एका दिवसाचे पाणी ६७५ लिटर भरते. एका साध्या वायसरच्या हयगयीने दर महिन्याला एका कुटुंबाच्या पूर्ण दिवसाचे पाणी गटारात जाते. अशी शंभर घरे असली, तर महिन्याला ७२ हजार लिटर.

गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल, तर तिच्या फ्लोटचा चेंडू पाहावा. जमिनीखालच्या टाकीचे पाणी एका ठरावीक पातळीपर्यंत उतरून तेथेच थांबत असेल, तर त्या पातळीवरच भिंतीला चीर आहे असे समजावे. भिंतीवर वाढणारी ओल, शेवाळाचा पट्टा, ऐन उन्हाळ्यात अंगणात एकाच रेषेत हिरवे राहिलेले गवत, या सर्व नळाने लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. बाहेरच्या नळाचा संशय आला, तर नळ आलेला असताना रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचे एक टोक नळावर आणि दुसरे कानाशी धरावे. पाणी फसफसत असल्यास त्याचा आवाज ऐकू येतो. पालिकांचे जुने अनुभवी कर्मचारी असेच ऐकून गळती शोधत आले आहेत. रस्त्यावरच्या नळाची गळती मात्र स्वतः खणू नये, पालिकेला लेखी कळवावी आणि दुरुस्ती होईपर्यंत पिच्छा सोडू नये. धर्मग्रामातील युवक संघटनेने एका रविवारी प्रभागातील अशा जागांची यादी करून दिली, तर तीही सेवाच होईल.

संदेष्टा यिर्मया यांच्या तोंडून परमेश्वराने आपल्या प्रजेवर एक आरोप ठेवला आहे. जिवंत पाण्याचा झरा सोडून त्यांनी स्वतःसाठी पाणी न ठरणारे फुटके हौद खोदले, असा त्याचा आशय आहे. आपण हे वचन केवळ रूपक म्हणून ऐकतो. यहूदियाच्या लोकांसाठी ते रोजचे वास्तव होते. त्यांच्या घराघरात चुनखडीच्या खडकात खोदलेले हौद असत आणि आतून चुन्याचा गिलावा दिलेला असे. गिलाव्याला तडा गेला की पावसाळ्यात साठविलेले पाणी निमूटपणे खडकात मुरे आणि उन्हाळ्यात घरधन्याला रिकामा तळ दिसे. संदेष्ट्याने अविश्वासूपणासाठी हीच उपमा निवडली, कारण तीत आवाज न करता होणारी हानी होती.

संत योहान यांच्या शुभवर्तमानात पाच हजार लोकांना भाकरी दिल्याची हकीकत आहे. सर्व तृप्त झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. पाच भाकरींतून हजारोंना पुरविणाऱ्याला तुकड्यांची काय गरज होती? तरीही त्याने ते सांडू दिले नाहीत. दान उदारपणे द्यावे आणि त्यातले काहीही वाया जाऊ देऊ नये, या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र होत्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सुरक्षित पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, आणि पाण्याच्या नासाडीकडेही लक्ष वेधले. हक्क आणि नासाडी यांचा संबंध असा आहे, की आपण सांडलेले पाणी नळाच्या शेवटच्या टोकावरच्या कोणाच्या तरी हक्काचे असते.

येत्या प्रायश्चित्तकाळात उपवासाबरोबर प्रत्येक घराने एक रात्र टाकीवर खडूची खूण करून पाहावी, अशी आमची विनंती आहे. पहाटे पातळी जेथल्या तेथे आढळली, तर परमेश्वराचे आभार मानावेत. उतरलेली आढळली, तर प्लंबरला बोलवावे आणि दहा-वीस रुपयांचे वायसर बदलून घ्यावे. पांझरेकाठच्या जागल्याने आपली मजुरी धान्यात घेतली. आपली मजुरी शहराच्या कडेच्या त्या घरात पोहोचेल, जेथे एखाद्या सकाळी तोटीतून हवेऐवजी पाणी येईल आणि ते कोणामुळे आले, हे त्या घराला कधीच कळणार नाही.